दहावीनंतर फोन, फोनवर इन्स्टाग्राम: पालकांनी पहिल्या दिवसापासून काय करायचं

दहावीची परीक्षा संपली की आपल्याकडे बऱ्याच घरांत मुलाला किंवा मुलीला स्वतःचा फोन मिळतो. अकरावीचा प्रवेश, क्लासचे ग्रुप, लांबचं कॉलेज, एसटीने किंवा लोकलने एकट्याने जाणं-येणं, ही सगळी कारणं खरी असतात. पण इन्स्टाग्राम तोपर्यंत थांबलेलं नसतं. सातवी-आठवीतच आईच्या फोनवर, आईच्याच नंबरवरून खातं उघडलेलं असतं आणि त्यात जन्मसाल हमखास खोटं टाकलेलं असतं. 'प्रायव्हेट', 'डीएम', 'क्लोज फ्रेंड्स' हे शब्द मुलांच्या तोंडून ऐकलेत, पण ती सेटिंग्ज स्वतः कधी उघडून पाहिली नाहीत, अशा पालकांसाठी हा लेख आहे. मुलांनीही वाचावा. मधला काही भाग थेट त्यांच्यासाठीच लिहिला आहे.

समाजमाध्यमांवरचे धोके पुष्कळ आहेत. त्यातल्या एकावर मी इथे सगळ्यात जास्त थांबणार आहे: खासगी फोटो किंवा व्हिडिओ हाताशी धरून दिलेली धमकी. ओटीपी देऊन पैसे गेले तर घरात आरडाओरडा होतो, पण सगळ्यांना ते लगेच कळतं. फोटोच्या धमकीत मूल एकटं पडतं. रात्री दोन वाजता मेसेज येत असतात, शेजारच्या खोलीत आईबाबा झोपलेले असतात आणि त्यांना उठवण्याची हिंमत होत नाही. अशा वेळी मुलांनी जीव दिल्याच्या घटना आपल्या देशात आणि बाहेरही घडल्या आहेत. म्हणून सुरुवात फोनच्या सेटिंगपासून करत नाही.

पायरी पहिली: आधी बोलणं

धमकी देणाऱ्याचं सगळं बळ एका वाक्यात असतं: "तुझ्या घरच्यांना पाठवतो." घरच्यांना ते आधीच माहीत असेल तर या वाक्यात काही उरत नाही. पण आपण पालक बहुतेक वेळा उलटंच बोलून ठेवलेलं असतं. "असलं काही दिसलं ना, तर फोन फोडून टाकीन." "कॉलेज बंद, घरी बस." आपण हे काळजीपोटी म्हणतो. मूल त्याचा अर्थ एवढाच घेतं की काही झालं तर घरी सांगायचं नाही.

म्हणून फोन हातात देताना, किंवा दिलेला असेल तर आज रात्री जेवताना, हे तुमच्या शब्दांत सांगा: "फोनवर काहीही झालं, चूक तुझी असली तरी, मला येऊन सांग. मी ओरडणार नाही, फोन काढून घेणार नाही. आधी त्यातून बाहेर पडू, बाकीचं नंतर बोलू." हे एकदा सांगून भागत नाही. मुलं आपली परीक्षा लहान गोष्टींवर घेतात. चाचणीत मार्क कमी पडले, फोनची काच फुटली, एखादी रील पाहून तुम्ही चिडलात, अशा वेळी तुम्ही कसे वागता यावरून ती मोठी गोष्ट सांगायची की नाही हे ठरवतात.

आणखी एक माणूस ठरवून ठेवा. काही गोष्टी मुलगी बाबांना सांगू शकत नाही, काही गोष्टी मुलगा आईला सांगू शकत नाही. आत्या, मामा, मोठी चुलत बहीण, शाळेतल्या एखाद्या बाई, मुलाला जो माणूस जवळचा वाटतो तो. त्या माणसालाही सांगून ठेवा की असा फोन आला तर घाबरायचं नाही, मुलाला दटावायचं नाही आणि लगेच त्याच्याकडे जायचं.

"मग इन्स्टाग्रामच नको, सरळ बंदी घालू," असं अनेक पालक म्हणतात. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला कायद्यानेच मनाई केली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला थांबवणं मलाही योग्य वाटतं. खुद्द इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ आहे. पण सोळा वर्षांच्या मुलावर एकट्या घराने घातलेली बंदी फार टिकत नाही. मित्राच्या फोनवर दुसरं खातं उघडलं जातं आणि त्यावर काही झालं तर ते सांगायची वाट बंद झालेली असते.

पायरी दुसरी: खातं नीट लावणं

एका निवांत रविवारी मुलाशेजारी बसा. फोन मुलाच्याच हातात राहू द्या. तुम्ही विचारा, त्याला दाखवू द्या. तुम्हाला शिकवताना ते स्वतःही शिकतं.

सगळ्यात आधी जन्मतारीख तपासा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स सेंटर' आहे, त्यातल्या वैयक्तिक माहितीत ती दिसते. तिथे २००० किंवा १९९८ असं साल असेल तर इन्स्टाग्राम तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलीला प्रौढ बाई समजतं, आणि अल्पवयीनांसाठी असलेलं कुठलंच संरक्षण तिला मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात 'टीन अकाउंट' आलं आहे. १८ वर्षांखालच्यांचं खातं त्यात आपोआप प्रायव्हेट, म्हणजे आपण आत घेतलेल्यांनाच दिसणारं, राहतं, ओळख नसलेल्या माणसाला थेट मेसेज करता येत नाही, टॅग करण्यावर मर्यादा येते आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. १६ वर्षांखालच्या मुलांना ही बंधनं सैल करायची असतील तर पालकांची परवानगी लागते. हे सगळं एका खऱ्या जन्मतारखेवर अवलंबून आहे. ती दुरुस्त करताना ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला जाऊ शकतो. कटकट आहे, तरीही करा.

मग फॉलोअर्सची यादी उघडा. इथे वेळ लागेल आणि थोडी कुरबूर होईल, कारण आकडा कमी झालेला मुलांना आवडत नाही. प्रत्येक नावाला एकच प्रश्न लावायचा: या माणसाला तू प्रत्यक्ष भेटली आहेस का? "आमचे बारा म्युच्युअल आहेत", म्हणजे दोघांच्याही यादीत बारा समाईक नावं आहेत, हे उत्तर पुरेसं नाही. फेक आयडी नेमकी अशीच वाढते. वर्गातल्या एका मुलाने रिक्वेस्ट स्वीकारली की दुसऱ्याला ओळखीचं नाव दिसतं, तो स्वीकारतो, मग तिसरा, आणि आठवडाभरात त्या आयडीला अख्खा वर्ग ओळखतो. प्रायव्हेट खात्याची फॉलोअर्सची यादी बाहेरच्याला दिसत नाही, पण आत घेतलेल्याला सगळी दिसते. पुढे धमकी देताना हीच यादी वापरली जाते. एका अनोळखी माणसाला आत घेणं म्हणजे आत्या, काका, शाळेतले सर, वर्गमित्र या सगळ्यांचे पत्ते त्याच्या हातात देणं.

बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या स्वतःच्या ओळखीत, कॉलेजचं नाव, तुकडी, क्लासचं नाव आणि बॅच लिहायची पद्धत आहे. तेवढ्यावरून ती मुलगी संध्याकाळी सहा वाजता कुठून बाहेर पडते हे कोणालाही काढता येतं. ते काढून टाकायला सांगा. स्टोरी टाकायची असेल तर त्या ठिकाणाहून निघाल्यावर टाकायची. स्नॅपचॅट वापरत असेल तर त्यातल्या नकाशावर 'घोस्ट मोड' लावा, म्हणजे मूल कुठे आहे हे इतरांना दिसणार नाही.

खातं कोणाच्या नंबरवर आहे हे पाहणं महत्त्वाचं आहे. आईच्या जुन्या नंबरवर उघडलेलं खातं असतं, तो नंबर रिचार्जअभावी बंद पडतो आणि काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कोणाला तरी देते. चालू नंबर आणि चालू ईमेल टाका, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही द्यायचा नाही. प्रेमात पडलेली मुलं विश्वासाची खूण म्हणून एकमेकांना पासवर्ड देतात, हे आपल्याला माहीत असलेलं बरं. मैत्री तुटली की त्याच पासवर्डने तिच्या नावाने घाणेरडे मेसेज जातात. यावर उपदेश न करता एवढंच सांगा की पासवर्ड मागणं हे प्रेम नाही आणि नकार देण्याचा तिला हक्क आहे.

व्हॉट्सअॅपवर प्रोफाइल फोटो फक्त संपर्कातल्यांना दिसेल असं करा, ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं तेही संपर्कातल्यांपुरतं ठेवा आणि सहा आकडी पिन लावा. एकदाच दिसून नाहीसा होणारा फोटो सुरक्षित असतो असं मुलांना वाटतं. दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढता येतो, हे करूनच दाखवा.

मुलाच्या नकळत पाळत ठेवणारं अॅप टाकावं का, हा प्रश्न पालकसभेत नेहमी येतो. माझं मत स्पष्ट आहे: टाकू नका. ते एक दिवस कळतंच, आणि पहिल्या पायरीत दिलेला शब्द तिथेच मोडतो. इन्स्टाग्रामची स्वतःची पालक देखरेख मुलाच्या संमतीने जोडता येते. गेल्या सात दिवसांत त्याने कोणाशी बोलणं केलं हे त्यात दिसतं, काय बोलला ते दिसत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी एवढं पुरेसं आहे.

पायरी तिसरी: जाळं कसं टाकलं जातं ते मुलाला सांगणं

हा भाग मुलांनो, तुमच्यासाठी.

एक सुंदर मुलगी किंवा स्मार्ट मुलगा रिक्वेस्ट पाठवतो. दोन-चार ओळखीचे लोक आधीच जोडलेले असतात. बोलणं साधं असतं: कुठल्या कॉलेजला, कुठला क्लास, घरी कोण कोण. मग तुझं कौतुक सुरू होतं, आणि ते खरंच छान वाटतं. एक-दोन दिवसांत, कधी कधी तासाभरातच, "इथे नको, टेलिग्रामवर ये" किंवा "नंबर दे" असं येतं. तिथे समोरून आधी एक फोटो येतो. तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. "मी पाठवला, आता तू." किंवा थेट व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे रेकॉर्ड केलेली क्लिप चालू असते आणि इकडे तुझा चेहरा रेकॉर्ड होत असतो.

त्यानंतर भाषा एका क्षणात बदलते. तुझ्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो, त्यात तुझ्या काकांचं नाव गोल केलेलं असतं. "दहा मिनिटांत पैसे टाक." मुलांकडून बहुतेक वेळा पैसे मागितले जातात, मुलींकडून आणखी फोटो. पैसे दिले की मागणी वाढते, कारण देणारा सापडला हे त्यांना कळतं. काही वेळा पुढच्या दिवशी पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी म्हणवणाऱ्याचा फोन येतो: "तुझा व्हिडिओ यूट्यूबवर चढलाय, काढायचा असेल तर फी भर." तोही त्याच टोळीतला असतो. खरा पोलीस फोनवर पैसे मागत नाही.

या टोळ्यांचा हा रोजचा धंदा आहे. एकाच वेळी अनेक मुलांशी ठरावीक मजकूर वापरून बोलणं चालू असतं. तुझ्यात काही कमी होतं म्हणून तू सापडला नाहीस. अशा लोकांनी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या प्रौढांनाही फसवलं आहे. आणि समोरचा नेहमी परकाच असतो असंही नाही. वर्गातला मुलगा, क्लासमधला दादा, आधीचा मित्र यांच्याकडूनही हेच होतं. तिथे ओळख असल्यामुळे सांगायला जास्त लाज वाटते. सांगायचं मात्र दोन्ही वेळा.

एक खूण लक्षात ठेव: घाई. खरी मैत्री करणारा माणूस दहा मिनिटांची मुदत घालत नाही, दुसऱ्या अॅपवर ओढून नेत नाही आणि "कोणाला सांगू नकोस" म्हणत नाही. या तीनपैकी एक जरी दिसलं तरी फोन खाली ठेव आणि उठून कोणाजवळ तरी जाऊन बस.

पायरी चौथी: धमकी आलीच तर पहिले काही तास

मूल तुमच्याकडे आलं. आता तुम्ही काय बोलता यावर बाकी सगळं अवलंबून आहे. "तू असं केलंसच का?" हा प्रश्न गिळून टाका. "बरं झालं सांगितलंस. आता हे आपण बघतो," एवढंच म्हणा. त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका. 'मला जगायचं नाही' अशा अर्थाचं काही बोललं तर ते नाटक समजू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, समुपदेशक बोलतात. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२.

आता फोनकडे वळा. पैसे द्यायचे नाहीत, आधी दिले असतील तर पुढचा एक रुपयाही नाही. वाटाघाटी नाहीत, शिव्या नाहीत, "मी पोलिसांत जातो" अशी उलट धमकीही नाही. काहीही डिलीट करू नका. घाबरलेलं मूल पहिल्यांदा सगळं चॅट पुसून टाकतं किंवा खातंच उडवतं आणि पुरावा नाहीसा होतो. समोरच्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात आयडीचं नेमकं स्पेलिंग दिसलं पाहिजे. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. धमकीचे मेसेज तारीख-वेळेसह, फोन नंबर, यूपीआय आयडी, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, सगळं जपा. हे झालं की त्या आयडीची तक्रार अॅपमध्येच करा, मग ब्लॉक करा. क्रम हाच ठेवा. मुलाचं खातं काही दिवस तात्पुरतं बंद ठेवता येतं, कायमचं डिलीट करू नका.

एक गोष्ट पालकांकडून अजाणतेपणी होते. तो फोटो 'पुरावा म्हणून' स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर घेणं, काकाला पाठवणं, ओळखीच्या वकिलाला पाठवणं. असं करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाचं अश्लील छायाचित्र पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असं साहित्य साठवून ठेवण्याबद्दलही पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, शिक्षा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात ते अधिक स्पष्ट केलं. फोटो जिथे आहे तिथेच, मुलाच्या फोनमध्ये राहू द्या आणि तो फोन पोलिसांना दाखवा.

फोटो पसरू नये म्हणून एक मोफत सोय आहे, तिचं नाव 'टेक इट डाउन'. अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी एनसीएमईसी ही संस्था ती चालवते आणि भारतातूनही ती वापरता येते. फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा पुढे जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो आपल्याकडे शोधून अडवतात. नाव द्यावं लागत नाही. व्हॉट्सअॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र ही सोय पोचत नाही. फोटो टिपला गेला तेव्हा वय १८ पूर्ण असेल तर याच धर्तीची 'स्टॉप एनसीआयआय' ही सोय आहे. इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी 'रिपोर्ट रिमूव्ह' हा तिथला मार्ग आहे.

पायरी पाचवी: तक्रार

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितके ते पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा.

पैसे गेले नसले तरी 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा. तिथे महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. नाव न देता तक्रार करण्याची सोयही आहे, पण तशा तक्रारीचं पुढे काय झालं हे पाहता येत नाही, म्हणून शक्य असेल तर नाव देऊन करा. मिळालेला पोचक्रमांक लिहून ठेवा. १०९८ ही चाइल्डलाइन, म्हणजे मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं.

पोलीस ठाण्यात जायला पालक सगळ्यात जास्त कचरतात. गल्लीत कळेल, मुलीचं नाव खराब होईल, कॉलेजात पोचेल. म्हणून पोक्सो कायद्यातल्या काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना गणवेशात नसावं असंही कायदा सांगतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख उघड करायला प्रसारमाध्यमांना मनाई आहे. तुमच्या हद्दीतला गुन्हा नाही असं सांगून परत पाठवलं तर 'झिरो एफआयआर' नोंदवायला सांगा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. मोठ्या शहरांत वेगळी सायबर पोलीस ठाणी आहेत, गोव्यात ते रायबंदरला आहे. महिला आणि मुलांच्या मदतीसाठी पोलिसांचं पुण्यात दामिनी पथक, मुंबईत निर्भया पथक, आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत भरोसा सेल आहे. ठाण्याच्या बाकावर बसण्याआधी यांपैकी एका जागी बोलून गेलं तर बरंच सोपं जातं.

शाळा किंवा क्लासवाले "आपसात मिटवू, संस्थेचं नाव खराब होईल" म्हणाले तर त्यांना शांतपणे सांगा की अशा गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्याची शिक्षा जास्त आहे.

फोटो पाठवलाच नव्हता, तरी

गॅदरिंगचा साडीतला फोटो, सहलीचा फोटो, साधा सेल्फी. त्यावरून नग्न चित्र बनवणारी एआयची साधनं आता कोणाच्याही हातात आहेत. मुलगी म्हणते, "आई, हे मी नाही," आणि तिला पहिली भीती ही असते की आईचा विश्वास बसणार नाही. विश्वास ठेवा, आणि तसं मोठ्याने म्हणा. वरच्या सगळ्या पायऱ्या इथेही लागू आहेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी असं बनावट चित्रही तक्रार आल्यापासून २४ तासांच्या आत हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत २ तासांवर आणली आहे. अॅपमधली तक्रार आणि कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, दोन्ही करा.

आणि आपल्या स्वतःच्या स्टेटसकडेही जरा पाहू या. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेचा फोटो सगळे टाकतात. त्यावर आसनक्रमांक आणि आईचं नाव असतं, आणि ऑनलाइन निकाल पाहायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. टक्के लिहा, कौतुक करा, कागद मात्र टाकू नका. मुलाचा फोटो टाकण्याआधी मुलाला विचारायची सवय लावली, तर दुसऱ्याचा फोटो टाकताना तेही विचारायला शिकेल.

आपलंच मूल पाठवणाऱ्यांत असेल तर

हे कोणालाच ऐकायला आवडत नाही. पण एका मुलीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरतो तेव्हा तो पुढे ढकलणारी तीसेक मुलं कोणाची तरी असतातच. त्यातली बरीच वाईट नसतात. त्यांना तो एक स्क्रीनवरचा फोटो वाटतो, किंवा ग्रुपमध्ये वेगळं पडायची भीती वाटते. तुमच्या मुलाला आजच तीन गोष्टी सांगा: असा फोटो आला तर पुढे पाठवायचा नाही, ग्रुपमध्ये हसायचं नाही, आणि ज्या मुलीचा आहे तिला किंवा मोठ्या माणसाला कळवायचं. अठरा वर्षांखालचा असला म्हणून कायदा सोडत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

तुमच्या मुलाने पाठवला आहे असं कळलं तर त्याला वाचवण्याच्या घाईत फोन फॉरमॅट करू नका. त्याच्यासोबत बसा, कोणाकोणाला गेला ते विचारा, ग्रुपमधून तो सर्वांसाठी काढून टाकायच्या आधी वकिलाचा किंवा पोलिसांचा सल्ला घ्या. त्या मुलीच्या घरी "मुलंच आहेत" असं म्हणत जाऊ नका. त्या घरात रात्री काय चाललं असेल याची कल्पना मुलाला द्यायची ही वेळ आहे, आणि ते काम तुमच्याइतकं दुसरं कोणी करू शकत नाही.

पैशाचे सापळे, थोडक्यात

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाचे पेपर विकणारे टेलिग्राम चॅनेल उगवतात. ती फसवणूक असते, आणि पेपर विकत घ्यायचा प्रयत्न करणाराही अडचणीत येतो. "स्पर्धेत मला मत दे, तुला आलेला कोड पाठव" असा मैत्रिणीचा मेसेज आला तर तिचं खातं आधीच गेलेलं असतं आणि आता तुमचं जाणार असतं. तिला फोन करून विचारा. "तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेव, बाकी पुढे पाठव" हे सगळ्यात घातक, कारण त्यात पोलीस तुमच्या मुलाला शोधत येतात. कॉलेजच्या मुलांची नवी बँक खाती यासाठीच हेरली जातात. बँक खातं, सिम, यूपीआय कोणालाही वापरायला द्यायचं नाही, ओळखीच्या सीनियरलाही नाही.

आणि रोजचं स्क्रोलिंग

शरीराची लाज वाटायला लावणाऱ्या रील्स, उपाशी राहून बारीक होण्याचे सल्ले, जिममधल्या पावडरी, निराशेचं उदात्तीकरण. एकदा थांबून पाहिलं की तेच पुन्हा पुन्हा समोर येतं. इन्स्टाग्राममध्ये सुचवलेला मजकूर पुन्हा शून्यापासून सुरू करण्याची सोय आहे, ती मुलाला वापरून दाखवा. झोपताना सगळ्यांचे फोन, तुमचाही, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. एवढी एकच गोष्ट जमली तरी रात्री दोनचे मेसेज बरेच कमी होतात.

तक्रारीनंतरचे आठवडे

धमकी देणारे पैसे मिळत नाहीत असं दिसल्यावर बरेचदा पुढच्या माणसाकडे वळतात. पण काही वेळा फोटो खरंच पाठवतात. तसं झालं तर ज्यांना गेला त्यांना एकच वाक्य पाठवा: "आमच्या मुलाच्या नावाने कोणी गैरप्रकार करत आहे, पोलिसांत तक्रार दिली आहे, आलेलं उघडू नका, पुढे पाठवू नका, त्या आयडीची तक्रार करा." कारणं देत बसू नका.

तपास अधिकाऱ्याचं नाव आणि ठाण्याचा नंबर वहीत लिहा, पंधरा दिवसांनी पोचक्रमांक सांगून विचारपूस करा. नव्या आयडीवरून मेसेज आला तर पुन्हा स्क्रीनशॉट, तक्रार, ब्लॉक, आणि तो स्क्रीनशॉट त्याच तक्रारीला जोडायला द्या. मुलाला कॉलेजला जायचं नसेल तर दोन-चार दिवस थांबू द्या, त्याहून जास्त नाही. त्याआधी एका विश्वासू शिक्षकांना भेटून, तपशील न सांगता, लक्ष ठेवायला सांगा. जेवण, झोप, मित्रांशी बोलणं दोन आठवड्यांतही पूर्ववत झालं नाही तर समुपदेशकाकडे न्या. घरात या विषयाचा टोमणा कोणीही मारायचा नाही, भांडणातही नाही, हे आजी-आजोबांपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.